पाकिटावरचे नाव

गेल्या दिवाळीत माझे थोरले बंधू चार दिवस आमच्याकडे पुण्यास आले होते. आमचे वडिलोपार्जित किराणा दुकान ते आजही गावी चालवितात. एका सकाळी ओट्यावरचे तूरडाळीचे पाकीट त्यांच्या दृष्टीस पडले. ते एका मोठ्या सुपरमार्केटच्या स्वतःच्या नावाचे होते. दुकानदाराच्या सख्ख्या भावाच्या घरी परक्याची डाळ! मी ओशाळलो. अण्णांनी मात्र चष्मा लावला, पाकीट उलटे केले, बारीक अक्षरे वाचली आणि शांतपणे म्हणाले, “अरे, ही तर आपल्याच गिरणीची. माझ्या दुकानातली पोती इथूनच येतात.”

मला बँकेतील दिवस आठवले. लातूरला असताना कॅश क्रेडिट खात्यांच्या तारण मालाची पाहणी करण्यासाठी मी डाळ गिरण्यांत जात असे. तुरीला तेल-पाणी देऊन ती वाळवीत, मग भरडून टरफल वेगळे करीत, चाळण्यांवर प्रतवारी लावीत. सॉर्टेक्स यंत्र डागी दाणा टिपून बाजूला टाकी. शेवटच्या खोलीत मात्र एकाच ढिगातील डाळ दोन निराळ्या नावांच्या पिशव्यांत भरली जाई. मला ती लबाडी वाटली. गिरणीमालक हसून म्हणाले, “साहेब, डाळ आमची, नाव ज्याचे त्याचे. दोघांनाही ते ठाऊक आहे.”

लबाडी नव्हतीच. दुकानसाखळ्या सहसा स्वतःच्या गिरण्या घालीत नाहीत. त्या गिरणीकडूनच आपल्या नावाने माल भरून घेतात, किंवा ठोक माल घेऊन स्वतःच्या केंद्रात तो पॅक करतात. डी-मार्ट चालविणाऱ्या अव्हेन्यू सुपरमार्ट्सची अलाइन रिटेल ट्रेड्स ही उपकंपनी किराणा माल व मसाले पॅक करण्याचेच काम करते. जाहिरातीचा आणि मधल्या वितरकाचा खर्च वाचतो, म्हणून भाव उतरतो.

तथापि, गिरणी एक म्हणून माल एक, असे समजू नये. फटका डाळ आणि सव्वा नंबर एकाच छताखाली तयार होतात. तुकडा किती चालेल, ओलावा किती असावा, हे खरेदीदार ठरवितो. त्यामुळे भावाबरोबर प्रतही पाहावी.

आपल्या घरांसाठी तर हा प्रश्न निव्वळ भावाचा नाही. हिरवे चिन्ह पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगते. कांदा, लसूण वा कंदमूळ आहे की नाही, हे सांगत नाही. त्यासाठी घटकांची यादी वाचावी लागते. शिवाय ज्या यंत्रावर आपले फरसाण झाले त्याच यंत्रावर सकाळी लसणाची शेव निघाली होती काय, हे कळावयाचे तर निर्मात्यालाच विचारले पाहिजे. आणि विचारावयाचे कोणाला, हे आधी ठाऊक हवे. पाकिटाच्या मागे ‘निर्माता’, ‘पॅकिंग करणारा’, ‘विक्रेता’ हे शब्द वेगवेगळे वाचावेत. विक्रेत्याचेच नाव असेल, तर अन्न सुरक्षा परवान्याचे १४ अंकी क्रमांक पाहावेत. निर्मात्याचा परवाना क्रमांक प्राधिकरणाच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकला असता परवानाधारकाचे नाव मिळते.

निघण्याच्या आदल्या रात्री अण्णांनी मनातले विचारले, “मुलगा म्हणतो, आपणही आपल्या नावाची पाकिटे काढू. पण जे आपण दळले नाही, त्यावर आपले नाव घालणे बरे दिसते का?”

आयुष्यभर इतरांच्या हिशेबावर सह्या करणाऱ्या मला हा प्रश्न अवघड वाटला नाही. मी म्हणालो, “अण्णा, नाव घालण्यात दोष नाही. निवड तुमची, वजन तुमचे, जबाबदारीही तुमची. फक्त दळणाऱ्याचे नाव लपवू नका.” परवाना आणि वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी, ही दोन्ही कामे आधी करण्यासही सुचविले.

गेल्या महिन्यात गावाहून पहिले पाकीट आले. वर आमच्या वडिलांच्या नावाचे दुकान आणि खाली, तेवढ्याच ठळक अक्षरांत, गिरणीचे नाव. भाव सुपरमार्केटपेक्षा चार रुपयांनी अधिक आहे. आमच्या घरी आता तीच डाळ शिजते.