साहेबांना किती सांगायचं?

मला नैराश्य आहे असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी फारसा हललो नाही. झोप उडाली होती, जेवण नकोसं झालं होतं, सुट्टीच्या दिवशी आंघोळीलाही उठवत नव्हतं. या सगळ्यावर औषध आहे हे ऐकून उलट धीर आला. गोंधळ उडाला तो त्यांच्या पुढच्या वाक्याने. "काही महिने नाइट शिफ्ट बंद करावी लागेल." म्हणजे कंपनीत सांगावं लागणार. आणि मी तर अजून ट्रेनी.

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. डिप्लोमा करून उदगीरहून आलो, ही पहिलीच नोकरी. शिफ्ट दर आठवड्याला फिरते : फर्स्ट, सेकंड, नाइट. रात्रभर लाइनवर पार्ट तपासायचे, गेज लावायचं, रिजेक्शन बाजूला काढायचं, रिपोर्ट भरायचा. डॉक्टरांनी मिर्टाझापीन लिहून दिली होती. ही गोळी रात्री झोपताना घ्यायची आणि तिने गुंगी येते. नाइटच्या आठवड्यात ती सकाळी घ्यावी, तर पुढच्या आठवड्यात वेळ पुन्हा फिरणार. या आजारात झोपेची वेळ ठरलेली असणं हे अर्धं औषध आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शिवाय आमच्या लाइनला लागूनच प्रेस शॉप आहे. तिथे गुंगीत वावरलो तर धोका फक्त मला नव्हता.

मी आधी मामाला फोन केला. तो म्हणाला, "कंपनीत एक अक्षर बोलू नकोस. कावीळ झालीय म्हण. उद्या तुझं लग्न जमवायचंय, गावात कळलं तर कोण मुलगी देईल?" रूमवरचा मित्र नेमकं उलट बोलला : "सांगून टाक रे, दीपिकाने नाही का सांगितलं?" अभिनेत्री दीपिका पदुकोणने 2015 मध्ये आपल्या नैराश्याबद्दल जाहीरपणे सांगितलं, त्यामुळे माझ्यासारख्या कितीतरी जणांना हा आजार काय असतो ते तरी कळलं. पण ती सांगत होती तेव्हा तिचं कन्फर्मेशन कोणाच्या सहीसाठी अडलं नव्हतं. आमच्या कॅन्टीनमध्ये कोणी जरा विसरभोळेपणा केला की "याला येरवड्याला सोडून या रे" असं म्हणतात, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, आणि टेबलभर हसतात. माझं कळल्यावर हे लोक काय म्हणतील याचा मला अंदाज होता.

मला सर्वांत जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. निर्णय ज्या मनाने घ्यायचा तेच मन आजारी होतं. सकाळी उठल्यावर वाटायचं, आपण या कामाच्या लायकीचेच नाही, राजीनामा द्यावा म्हणजे सांगण्याचा प्रश्नच मिटेल. संध्याकाळी जरा हलकं वाटलं की पटायचं, मला काही झालेलंच नाही, गोळ्याच बंद कराव्यात. दोन्ही वेळा मी माझ्या परीने अगदी तर्काने विचार करत असायचो. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गोळी नीट लागू पडायला दोन ते सहा आठवडे जातात. तोवर राजीनामा, लग्न, जमीन, कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. शिफ्टचं मात्र लांबणीवर टाकता येणार नाही." मधल्या काळासाठी त्यांनी आजारपणाची रजा घ्यायला सांगितली. माझा पगार ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, 21,000 रुपयांच्या मर्यादेत बसतो. हप्ते पुरेसे भरलेले असतील तर त्या योजनेत आजारपणासाठी वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पगारातून दरमहा पैसे कापले जात होते, पण ते कशासाठी याचा मी कधी विचार केला नव्हता.

रजेत एका रात्री गच्चीवर जाऊन 14416 लावला. ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास चालते आणि पैसे लागत नाहीत. मराठी निवडलं. पलीकडच्या ताईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कंपनीला सांगून तुम्हाला नेमकं काय हवंय?" मला लगेच उत्तर देता येईना. सांगायचं की नाही एवढ्यातच मी फिरत राहिलो होतो, कशासाठी सांगायचं हे ठरवलंच नव्हतं. त्या रात्री वहीत लिहून काढलं. नाइट नको. पंधरा दिवसांतून एकदा तपासणीला जायला अर्धा दिवस हवा. बाकी काम आहे तेच हवं. सहानुभूती नको, चौकशा नकोत.

मग कायदा काय म्हणतो ते वाचायला घेतलं. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. डॉक्टर माझी माहिती परस्पर कंपनीला देऊ शकत नाहीत, हे कलम 23 मध्ये स्पष्ट आहे. पण मीच साहेबांना सांगितलं आणि ते कॅन्टीनमध्ये पोचलं, तर डॉक्टरांवरचं ते बंधन तिथे कामाला येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत 21 प्रकारची दिव्यांगता आहे आणि मानसिक आजार त्यात येतो. मात्र त्याची व्याख्या कडक आहे : निर्णयशक्ती, वागणं, रोजचं जगणं यांवर गंभीर परिणाम झालेला असावा लागतो. औषधाने सावरत असलेला माझ्यासारखा माणूस त्यात बसेलच असं नाही.

याच कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये एक मोठा निकाल दिला. केंद्रीय राखीव पोलीस दलातले अधिकारी रवींदर कुमार धारिवाल यांना ओसीडी (मंत्रचळ) आणि त्यासोबत नैराश्य होतं, आणि त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू होती. मानसिक आजारामुळे आलेल्या दिव्यांगतेत अशी कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो, असं न्यायालयाने म्हटलं आणि कारवाई रद्द केली. वाचताना छाती भरून आली. नंतर लक्षात आलं की नोकरीत असताना दिव्यांगता आली तर माणसाला काढता येणार नाही, पद खाली आणता येणार नाही, हे संरक्षण कायद्याने सरकारी आस्थापनांपुरतं दिलेलं आहे. खासगी आस्थापनांनी समान संधीचं धोरण जाहीर करावं असं त्यात आहे, पण आमच्या नोटीस बोर्डावर मी ते कधी पाहिलेलं नाही. खासगी कारखान्यातल्या ट्रेनीला साहेबांच्या चांगुलपणावरच बरंचसं विसंबावं लागतं. हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते मी इथे लिहून ठेवतो.

माझा बेत असा होता की आजाराचं नाव न घेता डॉक्टरांची चिठ्ठी द्यायची. डॉक्टरांनी तशीच लिहूनही दिली : उपचार सुरू आहेत, तीन महिने रात्रपाळी देऊ नये. पण चिठ्ठीच्या वरच छापलं होतं : मनोविकार विभाग. हातात कागद घेऊन मी रुग्णालयाच्या बाकावर बराच वेळ बसलो. कागद दिला की सगळं कळणारच. मग ते एचआरच्या टेबलावर कोणीतरी वाचून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळावं, असं मी ठरवलं. शिफ्ट लावतात आमच्या डिपार्टमेंटचे साहेब, म्हणून पहिल्यांदा त्यांनाच सांगायचं. तोवर गोळी लागू पडू लागली होती, म्हणून हे धैर्य आलं. आधीच्या आठवड्यांत ते मला जमलं नसतं.

साहेबांना मी दोनच वाक्यं बोललो. "सर, मला डिप्रेशनचा त्रास आहे, उपचार चालू आहेत आणि फरक पडतोय. तीन महिने नाइट नको, बाकी सगळं काम मी करेन." ते चिठ्ठीकडे पाहत राहिले. मग विचारलं, "दिवसा गुंगी येते का?" मी म्हणालो, सकाळी थोडं जड वाटतं, नऊनंतर नाही. "मग सेकंड शिफ्ट घे," ते म्हणाले. कागद त्यांनी पाकिटात घालून स्वतः एचआर मॅडमकडे दिला आणि लाइनवर कारण सांगू नकोस असंही सुचवलं. नैराश्यावर भाषण नाही, पाठीवर हात नाही. मला ते फार बरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात कस्टमर ऑडिटच्या टीममधून माझं नाव निघालं. त्या ऑडिटची कागदपत्रं मी तयार केली होती. विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "तुला ताण नको म्हणून." त्यांनी हे काळजीपोटी केलं असेलही. पण एकदा सांगितलं की समोरचा आपल्या वतीने ठरवायला लागतो, आणि ही किंमत मला आधी कोणी सांगितली नव्हती. मी त्यांना परत जाऊन म्हणालो, "सर, मी फक्त नाइट नको म्हणालो होतो. पुढच्या ऑडिटला मला घ्या." ते "बघू" म्हणाले. ते वाक्य बोलायला मला आजार सांगण्यापेक्षा जास्त बळ लागलं.

लाइनवरच्या मित्रांना मी अजून सांगितलेलं नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असं आढळलं की दर वीस प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य येतं, आणि बहुतेकांना उपचार मिळत नाहीत. आमच्या कारखान्यात दोनशे माणसं धरली तरी दहाजण होतात. येरवड्याच्या विनोदावर हसणाऱ्यांतही त्यातले काही असतील. त्यांच्यापैकी कोणी माझ्यापाशी आला, तर सांग किंवा सांगू नको असं मी म्हणणार नाही. मी म्हणेन, आधी डॉक्टरांकडे जा, औषध लागू पडू दे. मग कंपनीकडून तुला काय हवंय ते कागदावर लिही, आणि तेवढं मिळायला जितकं सांगावं लागेल तितकंच, ज्याच्या हातात ते आहे त्यालाच सांग.

मार्चमध्ये माझं कन्फर्मेशन आहे. मेडिकलच्या फॉर्मवर मानसिक आजाराचा रकाना असतो असं ऐकलंय. न विचारता न सांगणं हा माझा हक्क आहे, पण सही करून खोटं लिहिणं मला जमणार नाही. त्या रकान्यात मी उपचार चालू असल्याचं लिहिणार आणि खाली ऑडिटच्या कामाची नोंद जोडणार.