टक्

बापाच्या रेकॉर्डी पत्र्याच्या पेटीत होत्या. भीमगीतांच्या. प्रल्हाद शिंदे 2004 साली गेले, विठ्ठल उमप 2010 ला. बाप त्यांच्या आधीच. केज तालुक्यातल्या आमच्या वस्तीत 14 एप्रिलला बाप ह्या रेकॉर्डी कर्ण्यावर लावायचा. पाचेक ग्रॅमची जड सुई खरवडत जायची. गाणं गोड लागतंय का, हे कोण बघतंय? गावाला ऐकू गेलं पाहिजे, बस्स.

पोरानं पुण्याहून जुनं, भारीतलं कार्ट्रिज आणलं. सुई मोडलेली, म्हणून परवडलं. कारागिरानं भिंगाखाली नवी दांडी बसवली, टोकाला हिऱ्याचा कण. दांडी हलली की केसाएवढ्या तारेचं वेटोळं चुंबकाजवळ हलतं, त्यातून वीज निघते, तीच आवाज होते. भार फक्त दोन ग्रॅम. जाडी सुई पोचली नव्हती तिथं खाचेच्या भिंती अजून कोऱ्या होत्या. ओळ संपल्यावर प्रल्हाददादांनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. माय म्हणली, "आगं बाई, हे तर हितंच बसलेत!"

एक रेकॉर्ड मागं ठेवली होती. जयंतीच्या मांडवात दगड आला तेव्हा तीच चालू होती. दगड कुणाचा, गावाला ठाऊक. पंचनाम्यात नाही. कारागीर म्हणला होता, "चरा पडलेल्यावर सुई टेकवू नका, दांडी जाईल." टेकवली.

मिनिटाला 45 फेरे. दर फेऱ्याला टक्.

पोरगा म्हणला, "कॉम्प्युटरवर घेतो अन् ती टकटक काढून टाकतो."

"गाणं घे," म्हणलं, "तिला हात लावू नको."