न गाठलेला दुसरा बेस : १९०८ चा बेसबॉल हंगाम

१/
अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासात १९०८ इतका चुरशीचा हंगाम क्वचितच झाला असेल. नॅशनल लीगमध्ये अखेरीस शिकागो कब्जच्या नावावर ९९ विजय होते. न्यूयॉर्क जायंट्स आणि पिट्सबर्ग पायरेट्स यांचे प्रत्येकी ९८. अंतर एका विजयाचे. त्या एका विजयाचा हिशेब एकोणीस वर्षांच्या एका मुलाच्या माथी मारला गेला. त्याचे नाव फ्रेड मर्कल.

२/
घटना समजण्यासाठी एक नियम आधी लक्षात घ्यावा लागतो. फलंदाजाने चेंडू मारून पहिल्या बेसकडे धाव घेतली की तेथे आधीपासून उभा असलेल्या खेळाडूला जागा सोडून दुसरा बेस गाठणे भाग असते. तो पोहोचण्यापूर्वी क्षेत्ररक्षकाने चेंडूसह दुसऱ्या बेसला स्पर्श केला, तर तो बाद. आणि अशा रीतीने संघाचा तिसरा गडी बाद झाला, तर त्या खेळीत दुसऱ्या कोणी होम गाठून काढलेली धावही रद्द ठरते.

३/
हा नियम पुस्तकात होता. मैदानावर मात्र वेगळीच रूढी होती. अखेरच्या डावात विजयी धाव निघाली की प्रेक्षक मैदानात उतरत, आणि पहिल्या बेसवरचा खेळाडू दुसऱ्या बेसपर्यंत जाण्याची तसदी न घेता थेट कपडे बदलण्याच्या खोलीकडे धावे. पंचही तिकडे काणाडोळा करीत. सामना संपला, असेच सर्वजण मानत.

४/
४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये नेमके हेच घडले. पायरेट्सचा वॉरन गिल दुसऱ्या बेसपर्यंत गेलाच नाही. कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवून बेसवर पाय ठेवला आणि दाद मागितली. आपण ते पाहिले नाही, असे सांगून पंच हँक ओडे यांनी धाव ग्राह्य धरली. कब्जने तक्रार केली. लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी ती फेटाळली. एव्हर्स हरला, पण ओडे यांच्या मनात नियम जागा करून गेला.

५/
२३ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स आणि कब्ज समोरासमोर आले. पंच पुन्हा ओडेच. जायंट्सचा नेहमीचा खेळाडू फ्रेड टेनी कंबरदुखीने बाहेर होता, म्हणून पहिला बेस सांभाळायला मर्कलला उतरवण्यात आले. त्या हंगामात सुरुवातीपासून खेळण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

६/
नववा डाव, धावसंख्या १-१, जायंट्सचे दोन गडी बाद. पहिल्या बेसवर मूस मकॉर्मिक. मर्कलने उत्तम फटका मारला. मकॉर्मिक तिसऱ्या बेसवर पोहोचला आणि मर्कल पहिल्या. पुढच्या अल ब्रिडवेलने चेंडू मैदानाच्या मध्यभागी मारला. मकॉर्मिकने होम गाठले. जायंट्सचा विजय झाला, असे समजून गर्दी मैदानात घुसली. दुसऱ्या बेसच्या वाटेवर असलेला मर्कल मध्येच वळला आणि खोलीकडे धावला. त्याच्या आधी कित्येकांनी हेच केले होते.

७/
एव्हर्स मात्र चेंडूसाठी ओरडत होता. पुढच्या काही क्षणांबद्दल साक्षी जुळत नाहीत. जायंट्सच्या जो मॅकगिनिटीने चेंडू हिसकावून प्रेक्षकांत भिरकावला, असे अनेकांनी सांगितले. एव्हर्सच्या हाती अखेर आलेला चेंडू तोच होता का, यावर वाद कधीच मिटला नाही. ओडे यांनी मर्कलला बाद दिले. धाव रद्द झाली. गर्दी हटवून खेळ पुढे नेणे अशक्य होते, म्हणून सामना बरोबरीत सुटला.

८/
पुलियम यांनी या वेळी पंचांचा निर्णय उचलून धरला, आणि जायंट्सच्या अपिलानंतर लीगच्या संचालकांनीही. दोन्ही संघ ९८ विजय व ५५ पराभवांवर येऊन थांबले, तेव्हा ८ ऑक्टोबरला तो सामना पुन्हा खेळवावा लागला. जायंट्सकडून त्या वर्षी ३७ सामने जिंकणारा ख्रिस्टी मॅथ्यूसन चेंडू फेकत होता. कब्जने पहिल्याच डावात मॉर्डेकाय ब्राउनला आणले. लहानपणी शेतावरच्या चारा कापण्याच्या यंत्रात त्याचे बोट तुटले होते. त्याच अधू हाताने तो चेंडूला विलक्षण वळण देई. कब्ज ४-२ ने जिंकले. मग डेट्रॉईट टायगर्सला हरवून त्यांनी वर्ल्ड सीरीजही जिंकली. पुढची जिंकायला त्यांना १०८ वर्षे, म्हणजे २०१६ पर्यंत, वाट पाहावी लागली.

९/
विजेतेपद मर्कलने घालवले, असा गवगवा वृत्तपत्रांनी केला. ‘बोनहेड’, म्हणजे मठ्ठ, हे विशेषण त्याच्या नावाला कायमचे चिकटले. वस्तुस्थिती वेगळी होती. त्या सामन्यानंतर फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हेलेस्की या नवख्या पिचरने पाच दिवसांत तीनदा जायंट्सना हरवले. त्यांपैकी एक जरी सामना जिंकला असता, तरी पुन्हा खेळण्याची वेळच आली नसती. व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ हे ओळखून होते. त्यांनी मर्कलला दोष दिला नाही आणि संघातूनही काढले नाही.

१०/
ओडे चुकले, असे म्हणता येत नाही. नियम स्पष्ट होता. पण रूढी हीच ज्यांची शिकवण असते, त्यांना पुस्तकातल्या नियमाची किंमत मोजावी लागते तेव्हा प्रश्न उरतोच. ४ सप्टेंबरला ज्या कृतीने गिलचा विजय हिरावला नाही, तीच कृती एकोणीस दिवसांनी मर्कलचा कलंक ठरली. नियमाचा अंमल कुठून तरी सुरू व्हावाच लागतो. ज्याच्यापासून तो सुरू होतो, त्याला मात्र इतरांच्या जुन्या सवयीचीही शिक्षा भोगावी लागते.

११/
पुलियम यांनी जुलै १९०९ मध्ये स्वतःचे जीवन संपवले. त्या दुःखाचे एकच कारण सांगणे योग्य नव्हे. ओडे यांचा २०१३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. मर्कल पुढे अनेक वर्षे खेळला, पाच वर्ल्ड सीरीजमध्ये उतरला आणि पाचही वेळा त्याचा संघ हरला. निवृत्तीनंतर तो बेसबॉलपासून दूरच राहिला. १९५० मध्ये जुन्या खेळाडूंच्या समारंभासाठी तो पोलो ग्राउंड्सवर परतला, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांच्या गजरात त्याचे स्वागत केले. त्या वेळी तो ६१ वर्षांचा होता. १९५६ मध्ये त्याचे निधन झाले.