टेबलापलीकडच्या माणसाचं मत

न्यू जर्सीत इमिग्रेशनच्या एका वकिलाकडे मी पंधरा वर्षांहून जास्त काळ पॅरालीगल आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या फाइली लावायच्या, कंपन्यांकडून पत्रं गोळा करायची आणि सरकारकडून जादा पुरावे मागणारी 'आरएफई' आली की तिचं उत्तर तयार करायचं, हे माझं रोजचं काम. अर्जदारांत पुण्या-नाशिकची पुष्कळ मंडळी असतात, त्यामुळे फोनवर बऱ्याचदा मराठीच चालतं.

ऑक्टोबर 2018 मध्ये पुण्याच्या एका इंजिनिअरच्या फाइलीवर आरएफई आली. 2012 पासून तो एकाच कंपनीत, एकाच क्लायंटकडे काम करत होता. 2012 ला मंजुरी मिळाली, 2015 ला पुन्हा मिळाली. ग्रीन कार्डाच्या रांगेत असल्यामुळे हे त्याचं दुसरं एक्स्टेन्शन होतं. या वेळी मात्र पत्र आलं, की या कामाला पदवीची गरज असते हेच आधी सिद्ध करा. तो मला म्हणाला, "ताई, माणूस तोच, काम तेच, बसायची खुर्चीसुद्धा तीच. मग बदललं काय?"

आमच्या ऑफिसात त्याचं उत्तर तयार होतं. फाइल ट्रम्पवाल्याच्या हातात पडली असणार. मीही तेच म्हणाले.

बारा आठवड्यांची मुदत होती. क्लायंटची पत्रं, कामाचे तक्ते, पगाराच्या स्लिपा, मॅनेजरचं निवेदन असं सगळं मिळून चारशे पानं झाली. वरच्या कडेला दोन भोकं पाडून, क्लिपा लावून, आरएफईचं मूळ पान सगळ्यात वर ठेवून आम्ही गठ्ठा पाठवला. एक्स्टेन्शन प्रलंबित असताना काम चालू ठेवता येतं, पण त्याच्या ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत व्हिसाच्या तारखेला बांधलेली होती. ती संपली आणि त्याच्या मुलीला शाळेत सोडायला शेजारीण जाऊ लागली. फेब्रुवारीत मंजुरी आली, तीही एकाच वर्षाची. ते वर्ष संपल्यावर पुन्हा तोच डोंगर उपसावा लागला.

मग एप्रिल 2021 मध्ये नियम फिरला. 2022 ला आम्ही त्याची तशीच फाइल पाठवली, ती एकही प्रश्न न येता नऊ दिवसांत मंजूर झाली. तो खुशीत म्हणाला, "ताई, या वेळी ऑफिसर चांगला मिळाला."

मी सांगितलं, "कदाचित तोच असेल."

ते खरोखरच शक्य होतं. आम्हाला येणाऱ्या पत्रावर सही असते ती अर्ज तपासणाऱ्या केंद्राच्या संचालकाची. फाइल कुणी वाचली, ते कळत नाही. पण टेबलावरची सूचना काय होती, ते मात्र कळतं. परिस्थिती बदललेली नसेल आणि आधीच्या मंजुरीत मोठी चूक नसेल, तर ती मंजुरी मानायची, हा दंडक 2004 पासून चालत आला होता. ऑक्टोबर 2017 मध्ये एका मेमोने तो काढून टाकला. त्यानंतर, एप्रिल 2021 मध्ये तो परत येईपर्यंत, प्रत्येक फाइल नव्याने उघडायची होती. संसदेने कायद्याचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. तरी नव्या नोकरीसाठीचे एच-वन-बी नाकारण्याचं प्रमाण 2015 च्या 6 टक्क्यांवरून 2018 मध्ये 24 टक्क्यांवर गेलं. असे मेमो राष्ट्राध्यक्षाने नेमलेल्या माणसांच्या कारकिर्दीत निघतात आणि ते राबवतात कायम नोकरीतले कर्मचारी. आम्ही मात्र राग काढत होतो तो राबवणाऱ्यांवर.

माझ्या मनातला हा राग एका बाईंमुळे उतरला. गावच्या लायब्ररीत शनिवारी नागरिकत्वाच्या परीक्षेचा वर्ग असतो, तिथे मी शिकवायला जाते. सोबत शिकवणाऱ्या एक बाई निवृत्त आहेत. 2003 साली होमलँड सिक्युरिटी खातं उभं राहिलं, त्याच्याही आधीपासून त्या इमिग्रेशनच्या नोकरीत होत्या. एकदा 'रूल ऑफ लॉ म्हणजे काय?' हा परीक्षेतला प्रश्न घोटून घेतला आणि आम्ही कॉफी घ्यायला बसलो. त्या सहज म्हणाल्या, की मी जन्मभर रिपब्लिकन पक्षाला मत दिलं आहे आणि या देशात येणाऱ्यांची संख्या कमी व्हावी असंच मला वाटतं.

मला धक्का बसला. त्यांच्याइतक्या मायेने तिथे कुणीच शिकवत नाही. मी विचारलं, "मग फाइली कशा मंजूर करायचात?"

"कागद पुरे असले की करायचे," त्या म्हणाल्या. "मंजूर करताना वाईट वाटलं असे दिवस आले, नाकारताना वाईट वाटलं असे तर जास्तच आले. पण माझं मत मी मतपेटीत टाकून आले होते. दोनदा कसं टाकणार?"

ते ऐकून मला माझे वडील आठवले. ते तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. निवडणुकीच्या ड्यूटीवर कितीतरी रात्री त्यांनी मतदान केंद्रात काढल्या, पण स्वतः मत कुणाला दिलं हे आईलाही कधी सांगितलं नाही. इथली रीत तशी नाही. 1939 च्या हॅच कायद्याने कामाच्या वेळेत राजकारण करायला बंदी आहे, पण कर्मचाऱ्यांच्या संघटना उघडपणे बाजू घेतात. सीमेवरच्या बॉर्डर पेट्रोलच्या संघटनेने मार्च 2016 मध्ये, उमेदवारी ठरायच्याही आधी, ट्रम्प यांना पाठिंबा दिला. त्याच होमलँड सिक्युरिटी खात्यात आश्रयाचे अर्ज तपासणारे अधिकारीही आहेत. आश्रय मागणाऱ्यांना मेक्सिकोत थांबवून ठेवण्याच्या ट्रम्प सरकारच्या धोरणाविरुद्ध त्यांच्या संघटनेने जून 2019 मध्ये अपील कोर्टात निवेदन दिलं. एकाची रात्र कुंपणाजवळ जाते, दुसरा जीव मुठीत धरून पळून आलेल्याची कहाणी तासन् तास ऐकतो. दोघांची मतं सारखी कशी होतील? म्हणूनच 'हे सरकारी अधिकारी सगळे एका पक्षाचे' असं कुणी म्हटलं, मग तो कोणत्याही बाजूचा असो, की मला ते पटत नाही.

मला आता काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. सरकारी नोकरी वशिल्याने न देता गुणवत्तेवर द्यावी, हा कायदा इथे 1883 साली झाला. त्याआधी दोन वर्षं, पद न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. त्या कायद्यापासून पुढे उभं राहत गेलेलं संरक्षण धोरणाशी संबंधित पदांवरून काढून घेण्याची वाट ऑक्टोबर 2020 मध्ये एका आदेशाने मोकळी केली. जानेवारी 2021 मध्ये तो आदेश रद्द झाला आणि जानेवारी 2025 मध्ये नव्या नावाने परत आला. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे त्यात सुमारे 50,000 पदं येऊ शकतात. फाइली वाचणाऱ्यांपर्यंत हे पोचेल की नाही, हा पुढचा प्रश्न. पण वरच्या माणसाची नोकरी त्याच्या निष्ठेवर ठरू लागली, की खालचा माणूसही जपून सही करतो. तहसील कचेरीतल्या माणसाच्या मुलीला हे कुणी समजावून सांगायला नको.

मी 2014 मध्ये शपथ घेऊन नागरिक झाले. तेव्हापासून मत देते आणि ते त्या बाईंच्या मताच्या विरुद्ध असतं. तरी आरएफईच्या उत्तराचं पहिलं पान लिहायला बसले, की मी त्यांनाच डोळ्यांसमोर आणते. माझा अर्जदार या देशात नको असं मनातून वाटणारी, आणि तरीही चारशेवं पान वाचल्याशिवाय सही न करणारी बाई. अशा माणसाची नोकरी टिकायला हवी. ती टिकली तरच माझ्या चारशे पानांना अर्थ आहे.