अरुंद रस्त्यावर हक्क कोणाचा?

मुंबईत बस रखडली की आपण बसलाच बोल लावतो. हा न्याय मला उफराटा वाटतो. पी. डिमेलो रोडवर गोदीचे ट्रक, कडेला उभ्या मोटारी आणि त्यांत अडकलेली, पन्नास-साठ माणसांची लाल बस. यात कोंडी कोणी केली? दोन-तीन मोटारी मिळून बसएवढीच जागा अडवतात, माणसं मात्र जेमतेम चार-पाच नेतात. लोकांना बस नकोशी झालीय म्हणावं, तर 2019 मध्ये किमान भाडं 5 रुपयांवर आलं तेव्हा प्रवासी परतले होते. पुढे या बस चालवणाऱ्या बेस्टचा स्वतःचा ताफा आटत गेला आणि 2025 मध्ये तेच भाडं 10 रुपये झालं.

बससाठी स्वतंत्र मार्गिका मागितली, की रस्ते अरुंद, ती आणायची कुठून, असं विचारतात. जागा कमी आहे म्हणूनच ती माणसं मोजून वाटायला हवी, वाहनं मोजून नव्हे. (फुकटात मोटार उभी करायला मात्र हाच रस्ता पुरेसा रुंद असतो!) मेट्रो आली, आता बस कशाला, हा आक्षेपही टिकत नाही. मेट्रोच्या स्थानकापासून शिवडीच्या चाळीपर्यंत भुयार जात नाही. तिथे बसच लागते, आणि तीही वेळेवर.