अंधेरीचा उभा लाव्हा

अंधेरी पश्चिमेच्या इमारतींच्या दाटीत गिल्बर्ट हिलचा काळा कडा सुमारे दोनशे फूट सरळ उभा आहे. पावसात भिजला की त्याच्या अंगावरचे खांब उठून दिसतात. एकमेकांना खेटून, वरपासून खालपर्यंत. माथ्यावर गावदेवीचं मंदिर आहे, वर जायला पायऱ्या आहेत. दर्शन घेऊन उतरताना माझा हात आपसूक दगडावर टेकतो.

हा दगड एके काळी वाहता होता. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचं पठार घडवणाऱ्या ज्वालामुखींच्या काळात तो हजार अंशांहून अधिक तापलेला होता. त्या उष्णतेत कणांची धावच इतकी, की शेजाऱ्याची ओढ त्यांना एका जागी बांधू शकेना. ओढ होतीच, म्हणून ते उधळले नाहीत. एकमेकांवरून घसरत राहिले. वाफेचे नि वायूंचे जे कण या ओढीतूनही निसटले, ते हवेत गेले. मग उष्णता ओसरली, धाव मंदावली, ओढ वरचढ ठरली आणि कण स्फटिकांच्या रांगांत बसले.

मला वेड लावतं ते यापुढचं. घट्ट झाल्यावरही खडक निवतच होता, कण आणखी जवळ सरकत होते. साऱ्या खडकाला आकसायचं होतं, पण चहूबाजूंनी तो स्वतःलाच जखडलेला. तळं आटल्यावर चिखल भेगाळतो तसा तो भेगाळला. भेगा निवत्या पृष्ठभागापासून काटकोनात आत शिरत गेल्या आणि त्यांच्यामधून हे बहुकोनी खांब घडले. ज्या ओढीने दगड सांधला, तिच्याच ताणाने तो चिरला!

आणि तो आजही निश्चल नाही. मे महिन्यात कडा तापतो, तेव्हा त्यातला अणू न् अणू जागच्या जागी सेकंदाला लाखो कोटी वेळा थरथरत असतो.

या टेकडीचा पसारा पूर्वी मोठा होता. खडीसाठी ती फोडली गेली. २००७ मध्ये महापालिकेने तिला दुसऱ्या श्रेणीचा वारसा ठरवलं, तोवर एवढा सुळकाच उरला होता. असेच खांब असलेला वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर अमेरिकेने १९०६ मध्येच राष्ट्रीय स्मारक केला. आपल्या कड्याच्या भेगांत आता पाणी मुरतं, मुळं शिरतात. अंधेरीकरांनो, त्याला आणखी हादरे नकोत; त्याच्या पायथ्याशी यापुढे एकही नवं बांधकाम होऊ देऊ नका.