पाव गोळी

आमच्या घरात रक्तदाबाची गोळी घेणारे आता दोघं आहेत. एक माझी अम्मी, वय 78. दुसरा जर्दा, वय 14. औषध दोघांचं एकच, अ‍ॅम्लोडिपिन. अम्मीला 5 मिलिग्रॅमची अख्खी गोळी, जर्दाला अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा हिस्सा. गोळी घ्यायला कुरकुर मात्र दोघांची सारखीच. अम्मी निदान तोंड तरी उघडते.

जर्दा आमचा बोका. ईदला करतात त्या गोड पिवळ्या भाताच्या रंगाचा, म्हणून जर्दा. तंबाखूशी काही संबंध नाही, हे दर नव्या पाहुण्याला सांगावं लागतं. आम्ही कसब्यात राहतो, कागदीपुऱ्याजवळ. एके काळी इथल्या कागजी घराण्यांमध्ये हातकागद बनायचा, त्यावरून हे नाव. कागद केव्हाच गेला, नाव राहिलं. 2011 च्या बकरी ईदनंतर शेजारच्या वाड्याच्या जिन्याखाली हे पिल्लू ओरडत बसलेलं सापडलं. तो वाडाही आता नाही. तेव्हा कौलांवरून कौलांवर उड्या मारत मांजर गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन यायचं. मग एकेक वाडा पडला, मध्ये पार्किंग आली, पत्रे आले आणि जर्दाचा मुलूख कमी होत होत आमच्या गच्चीपुरता उरला. बोक्यांचं आयुष्य अशा पेठांत फार नसतं. हा चौदा वर्षांचा झाला, ह्याचं गल्लीला कौतुक होतं.

गेल्या वर्षी, 2025 साली, अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला होती, शनिवारी. आदल्या दिवशीच ईद-ए-मिलाद झालेली. मी फजरला उठले तर जर्दा मोरीच्या दाराशी उभा. नेहमीसारखा पायात आला नाही. हाक मारली तशी माझ्याकडे निघाला आणि दाराच्या चौकटीवर आपटला. थांबला, पुन्हा निघाला, ह्या वेळी खुर्चीच्या पायाला. मग चौदा वर्षं ज्या दिवाणावर झोपला त्या दिवाणावर उडी मारायला गेला आणि अंदाज चुकून खाली पडला. एरवी मांजर पडलं की कोणी पाहिलं नाही ना अशा थाटात अंग चाटायला बसतं. हा तसाच जमिनीला चिकटून राहिला.

अम्मी तस्बीह हातात धरून बघत होती. म्हणाली, "अगे, इसकू दिखता नै."

मी दिवा लावला. डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण पसरलेल्या, काळ्या गोट्यांसारख्या. मोबाइलचा उजेड समोर धरला तरी आकसेनात. मांजराच्या डोळ्यात उजेडाला जी बारीक उभी फट होते ती नाहीच. डोळ्यासमोर हात हलवला, पापणी लवली नाही. रात्री अकरा वाजता ह्याच प्राण्याने भिंतीवरची पाल हेरली होती.

अशा वेळी डोक्यात काय काय येतं! कुणी उंदराचं औषध टाकलं असेल का? गच्चीवरून पडला असेल का? दुसऱ्या बोक्याने मारलं का? अंगावर जखम नव्हती, उलटी नव्हती, चारही पाय धड होते. फक्त नजर गेली होती, एका रात्रीत.

आमच्या नेहमीच्या जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना विसर्जनामुळे बंद होता. नदीपलीकडच्या एका डॉक्टर बाईंचा फोन लागला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, वय किती आणि दिसायचं अचानक थांबलं का. मग म्हणाल्या, "आत्ताच आणा. उद्यावर नका टाकू."

विसर्जनाच्या दिवशी कसब्यातून बाहेर पडणं म्हणजे काय, हे पेठेत राहणाऱ्यालाच कळेल. पहिल्या मानाचा गणपती इथलाच. सकाळपासून रस्ते बंद, रिक्षा यायचा प्रश्नच नाही. बुरुडाकडून आणलेली झाकणाची टोपली होती, तिच्यात अम्मीची जुनी ओढणी अंथरून जर्दाला ठेवलं. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा भेटला. पांढरा कुर्ता, कमरेला ढोलाचा पट्टा, पथकाला निघालेला. टोपली बघून त्याने पट्टा सोडला आणि आईच्या हातात दिला. मला म्हणाला, "ताई, टोपली मी घेतो. तुम्ही फक्त झाकण धरा." अम्मीला म्हणाला, "चाची, तुम्ही वरच थांबा, गर्दी आहे."

गल्ल्यागल्ल्यांतून, शेखसल्ला दर्ग्याच्या बाजूने आम्ही डेंगळे पुलावर आलो आणि चालतच नदी ओलांडली. मागे कुठेतरी ताशा सुरू झाला होता. दर वर्षी ह्या आवाजाला जर्दा कपाटामागे दडी मारून बसतो. त्या दिवशी टोपलीत त्याने आवाज केला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. पुलापलीकडे रिक्षा मिळाली. मुलगा मला बसवून पळत परत गेला. त्याच्या पथकाची वेळ चुकली का, हे मी नंतर विचारलं तर म्हणाला, "ढोल काय, रात्रभर वाजवायचाच असतो."

डॉक्टर बाईंनी आधी काहीच केलं नाही. खोलीतलं दार लावलं, पंखा कमी केला आणि टोपली उघडून दहा मिनिटं त्याला तसंच राहू दिलं. घाबरलेल्या मांजराचा रक्तदाब भीतीनेच वर जातो, मग मोजण्यात अर्थ राहत नाही. नंतर पुढच्या पायाला बोटभर रुंदीचा पट्टा बांधला. अम्मीच्या दंडाला बांधतात तोच प्रकार, फक्त बाहुलीच्या मापाचा. एकदा नाही, सहा-सात वेळा मोजला. आकडा 230 च्या आसपास. मांजराचा वरचा रक्तदाब साधारण 120 ते 140 असायला हवा. 160 च्या वर गेला की अवयवांना धोका सुरू होतो आणि 180 च्या वर तो गंभीर. भिंगातून डोळे पाहून त्या म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांचे मागचे पडदे सुटलेत. रक्ताचा दाब इतका वाढतो की पडद्यामागे पाणी साठतं आणि भिंतीवरचा ओला कागद सुटावा तसा पडदा सुटतो.

कागदीपुऱ्यातल्या माणसाला ही उपमा पटकन समजली.

माणसात रक्तदाब बऱ्याचदा आपला आपण येतो. मांजरात तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचा हात धरून येतो, बहुधा मूत्रपिंडाच्या, नाहीतर थायरॉइडच्या. रक्त तपासलं. थायरॉइड ठीक निघालं. क्रिएटिनिन 3.2, म्हणजे मूत्रपिंडं बरीच थकलेली.

मी विचारलं, "परत दिसेल का?"

त्या म्हणाल्या, "दाब उतरला की पडदे परत चिकटू शकतात. नजर येईलच असं मी म्हणणार नाही. आज मी डोळ्यांसाठी औषध देत नाही. हाच दाब मेंदूतही आहे आणि हृदयातही. ते आधी वाचवायचं."

आणि चिठ्ठीवर त्यांनी अम्मीच्या गोळीचं नाव लिहिलं.

त्या दिवसाचा खर्च सहा हजारांच्या वर गेला. संध्याकाळी एका नातलगाचा फोन आला. सहानुभूती होती, पण शेवटी वाक्य आलंच: "मांजरासाठी एवढे? एवढ्यात एखाद्या पोराची फी झाली असती." प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता आणि तो टाळण्यासारखाही नाही. आमच्या गल्लीत फी अडलेली पोरं आहेत. फक्त हिशेब असा मांडला जातो तेव्हा मला एक गंमत वाटते. मोबाइल बदलताना किंवा लग्नात तिसरं ताट वाढताना हे पोर कुणाला आठवत नाही. ते मांजराच्या बिलापाशीच आठवतं.

इस्लाम आणि मांजर म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच मुएझ्झाची गोष्ट सांगतात. बाहीवर झोपलेली मांजर उठू नये म्हणून पैगंबरांनी बाहीच कापली, अशी ती गोष्ट. गोड आहे, पण हदीसच्या प्रमाण संग्रहांत ती सापडत नाही. ज्या सापडतात त्या इतक्या गोड नाहीत, आणि मला त्याच जास्त कामाच्या वाटतात.

एक अबू दाऊद आणि तिरमिझींकडे आहे. अबू कतादा ह्यांच्यासाठी त्यांची सून कबशा वुजूचं पाणी काढून ठेवते. मांजर येऊन त्यात तोंड घालू लागतं, तर ते भांडं कलतं करून तिला नीट पिऊ देतात. सुनेला नवल वाटतं. ते पैगंबरांचा हवाला देतात की मांजर नापाक नाही, ती तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. म्हणजे पाहुणी नाही, घरातली. दुसरी बुखारी आणि मुस्लिम दोघांकडे आहे. एका बाईने मांजर कोंडून ठेवलं, खाऊ घातलं नाही आणि सोडलंही नाही की ते आपलं आपण काही शोधून खाईल. ते मेलं आणि त्यापायी ती बाई शिक्षेला पात्र झाली.

ही दुसरी गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. मारू नका, उपाशी ठेवू नका, एवढाच तिचा अर्थ मला माहीत होता. जर्दा आंधळा झाल्यावर तिच्यातला 'सोडलंही नाही' हा भाग नव्याने समोर आला. आजवर जर्दाचं दार उघडं होतं. आम्ही खायला दिलं नसतं तर त्याने कुठूनतरी मिळवलं असतं. आता दार बंद करणं भाग आहे. गच्चीवर सोडला तर कठड्यावरून जाईल, गल्लीत सोडला तर दुचाकीखाली येईल. त्याच्याच जिवासाठी आम्ही त्याला कोंडला आहे. आणि ज्याला कोंडलं, त्याचं सगळं आपल्यावर आलं. पाणी, खाणं, औषध, करमणूकसुद्धा. मग ती दयाही राहत नाही आणि हौसही राहत नाही, ते देणं होतं. पोराची फी हेही देणंच आहे. दोन देणी असली की एक फेडून दुसरं सुटत नाही. नातलगाला मी हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, "गोळी कशातून देता?"

गोळी चिकन शिजवलेल्या पाण्यातून, मीठ-मसाला न घालता. पाव गोळीसुद्धा त्याला कळते. मग तोंड उघडून जिभेच्या मागे टाकायची, वर थोडं पाणी. आठवड्याने रक्तदाब 164 होता, महिन्याने 150. डाव्या डोळ्याचा पडदा बराचसा बसला. खिडकीतला उजेड त्याला कळतो, समोरून कोणी गेलं की मान वळते. उजवा डोळा गेला तो गेलाच.

घरात आम्ही काही हलवायचं नाही असं ठरवलंय. खुर्ची जिथे होती तिथेच. पाण्याचं भांडं, खाण्याची ताटली, मातीचा ट्रे, सगळ्याच्या जागा ठरलेल्या. दिवाणापाशी एक पाट ठेवला, त्यावर पाय ठेवून तो चढतो. मांजराला डोळ्यांइतकाच मिशांचा आणि कानांचा आधार असतो, हे वाचून माहीत होतं, आता रोज बघते. पंधरा दिवसांत त्याने मिशीच्या टोकाने घराचा नकाशा पाठ केला. अम्मीच्या तस्बीहच्या मण्यांचा आवाज आला की सरळ तिच्या मांडीपाशी जातो, मध्ये कशालाही न आपटता.

ज्यांच्या घरी वयस्कर मांजर आहे त्यांच्यासाठी डॉक्टर बाईंनी सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी इथे लिहिते. मांजराचा रक्तदाब बाहेरून दिसत नाही. सात वर्षांपुढच्या मांजराचा वर्षातून एकदा मोजून घ्यावा, आणि त्याबरोबर मूत्रपिंडाची तपासणी. पाणी जास्त प्यायला लागलं, लघवी वाढली, वजन उतरलं, तर ते नुसतं म्हातारपण असेलच असं नाही. बोका लघवीला बसून कुंथतोय आणि थेंबही येत नाही, मागचे पाय अचानक लुळे पडलेत, तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, किंवा आमच्यासारखी नजर गेली, तर रात्र असो की विसर्जन, वाट पाहायची नाही. आणि घरातली माणसांची गोळी आपल्या मनाने देऊ नका. अम्मीचं आणि जर्दाचं औषध एक निघालं हा योगायोग, मात्रा डॉक्टरांनी ठरवलेली. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

मूत्रपिंडाचा आजार मागे फिरत नाही. सांभाळलं तर काही महिने, कदाचित दोन-चार वर्षं. डॉक्टर बाईंनी हे लपवलं नाही आणि मीही अम्मीपासून लपवलं नाही. ती ऐकून म्हणाली, "माझं तरी काय वेगळं आहे?" मी चिडले, पण ती काही दुःखाने बोलत नव्हती. जर्दाच्या अंगावरचे गुंते बोटांनी सोडवत होती. म्हातारपणी त्याला स्वतःला पाठीपर्यंत चाटायला पोचत नाही.

इशानंतर दुआला हात उचलते तेव्हा घरातल्या सगळ्यांबरोबर त्याचंही नाव येतं. पहिल्या आठवड्यात मी त्याची नजर मागत होते. मग त्याची उमर मागू लागले. आता आसानी मागते, त्याच्यासाठीही आणि अम्मीसाठीही.